वसुधा, तुझ्या बाबांना मी सांगितलं

आपल्या पल्लवीने कॅज्युअल्टीच्या दारातून बाहेर येऊन माझ्यासाठी खुर्ची ओढली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

वसुधा, तोवर मी तुझ्यावर चिडलेलेच होते. सकाळी आपण फोनवर भांडलो होतो आणि दुपारी तुझ्या विभागातून निरोप आला की मॅडम पडल्या, तुम्ही या. मला वाटलं, मागच्यासारखा पाय मुरगळून घेतला असशील. तुला काय काय ऐकवायचं याची जुळवाजुळव करतच मी ऑटोतून उतरले.

‘मॅडम, बसा,’ पल्लवी म्हणाली.

‘बसत नाही. कुठल्या वॉर्डात आहे ती?’

ती आधी स्वतः बसली, म्हणून मग मीही बसले. तिने हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘मॅडम, बातमी वाईट आहे. वसुधा मॅडमचा मृत्यू झाला आहे. त्यांचं हृदय बंद पडलं होतं. आम्ही पुष्कळ प्रयत्न केले, पण ते परत सुरू झालं नाही.’

एवढं बोलून ती थांबली. पुढे एक शब्द नाही.

आणि मी काय म्हणाले, सांगू? मी म्हणाले, ‘बरोबर.’

आपल्या विद्यार्थिनीने काहीही चुकवलं नव्हतं. खुर्ची, नजर, ‘मृत्यू’ हा शब्द, आणि नंतरचं गप्प राहणं. मी परीक्षक म्हणून बसल्यासारखी मनातल्या मनात तिला मार्क देत होते. शब्द कानावर आले होते, अर्थ आला नव्हता. पल्लवीने अ‍ॅप्रनची कड डोळ्यांना लावली, तेव्हा तो आला. पहिल्या वर्षाला असताना ह्याच पोरीला तू वर्गासमोर उभं केलं होतंस. खोट्या नातेवाइकाला खोट्या मृत्यूची बातमी द्यायची होती, आणि ती तोंडावर ओढणी धरून हसत सुटली होती. तू तिला पुन्हा करायला लावलंस, मग पुन्हा. शेवटी ती रडली, तेव्हा म्हणालीस, ‘आता बस. आता समजलं तुले.’

तिला समजलं होतं, वसुधा. तू शिकवलेलं तिने माझ्यावर वापरलं.

मी मराठी शिकवणारी बाई. दवाखान्याच्या वासानेसुद्धा माझं डोकं उठायचं. तू आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हेल्मेट काखेत धरून आलीस आणि ओळख करून न देता विचारलंस, ‘कविता तुम्हीच शिकवता ना?’ विद्यापीठात डॉक्टर, नर्स, फिजिओ होणाऱ्या सगळ्या मुलांना एकत्र बसवून नीतिशास्त्राचा तास सुरू करायचा होता तुला. नियम, कायदे, संमती हे सगळं तू शिकवणार होतीस. ‘पण माझ्या पोट्ट्यांना ऐकता येत नाही,’ म्हणालीस. ‘पेशंट बोलून राहिला असते आणि हे मधातच विचारतात, ताप कधीपासून आहे. त्यांना ऐकायला शिकवा बाप्पा कोणीतरी.’ मी म्हटलं, मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. ‘म्हणूनच तर,’ तू म्हणालीस, आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता चाखून पाहिलीस.

त्या तासाने मला निवृत्तीनंतरही कामाला लावून ठेवलं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुला तोंडावर चांगलं म्हटलं की तू विषय बदलायचीस, आणि मला वाटायचं, सांगू कधीतरी.

आपण एका वर्गात उभं राहून भांडायचो. मुलांना तेच आवडायचं. तुझं म्हणणं पक्कं होतं: पेशंटचं दुखणं पेशंटचं आहे, ते त्याला सांगायलाच पाहिजे. घरच्यांनी हात जोडले तरी. आणि मृत्यूला मृत्यूच म्हणायचं. ‘“गेले” म्हटलं तर माणूस विचारते, कुठी गेले? मी पाहिलं आहे ते.’ मी म्हणायचे, मराठीने एवढे मऊ शब्द काय उगाच केले? माणसाला एकदम धक्का देऊ नये, पाण्यात हळूहळू उतरवावं. तू म्हणायचीस, ‘पाणी गार आहे हे त्याले समजतेच वं सुलभे. तू फक्त त्याचा वेळ खाते.’

खापरखेड्याच्या त्या काकांवरून तर आपलं कायमचं वाजलेलं. वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, धिप्पाड. पोटात कॅन्सर पसरलेला. मुलांनी तुझे पाय धरले होते, बापाला सांगू नका म्हणून. काकांनी तुला सरळ विचारलं आणि तू सरळ सांगितलंस. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. थोरल्या मुलाने वॉर्डात तुला नको नको ते सुनावलं. मग एक दिवस काकांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं, ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. दोघं काय बोलले कुणाला माहीत नाही. महिन्याच्या आत ते वारले. तू दरवर्षी वर्गात भावाची भेट सांगायचीस आणि मी तो भिंतीकडे तोंड केलेला आठवडा सांगायचे. माणूस एकच, आणि त्याच्यावरून आपण दोघी कधी एकमत झालो नाही.

त्या सकाळचं भांडणही तेच. मी म्हटलं होतं, यंदा बातमीचा शब्द मुलांना निवडू दे. प्रत्येकाची भाषा वेगळी, घर वेगळं. तू म्हणालीस, शब्द बदलणार नाही. मी म्हटलं, मग माझं काय काम आहे वर्गात? तू हसलीस. ‘शब्द बोलून झाला की पुढं जे होते ना, ते तुझं काम.’ मी फोन ठेवायला निघाले, तर म्हणालीस, ‘संध्याकाळी येतो घरी, भांड मग पोटभर.’ तुला सवय होती ‘येतो’ म्हणायची, पुरुषासारखं. मी उत्तर दिलं नाही. रागातच होते.

तू वर्गामागच्या त्या खोलीत सापडलीस, जिथे प्रोजेक्टर ठेवतात. किती वेळ एकटी होतीस, कुणालाच ठाऊक नाही. वर्ग भरला होता, मुलं वाट पाहत होती. मधे एक भिंत. डॉक्टरांनी भरलेल्या त्या इमारतीत तुझ्याजवळ कुणी नव्हतं. हे वाक्य मी किती वेळा मनात म्हणून पाहिलं आहे, अजून त्यावर विश्वास बसत नाही.

प्रशांत मिहानमधल्या ऑफिसातून धावत आला. धाकटा भाऊ म्हणून तू त्याला कायम दरडावायचीस. त्या दिवशी तो खरंच लहान दिसत होता. अंत्यविधी सकाळी करायचा असं ठरलं. मग त्याने मला बाजूला घेतलं.

‘सुलभाताई, बाबांना सांगायचं नाही. त्यांचं हार्ट किती वीक आहे, तुम्हाला माहीत आहे. धक्का सहन नाही होणार. ताई भरती आहे एवढंच सांगतो. हळूहळू तयारी करू त्यांची.’

‘आणि सकाळी?’

‘सकाळचं उरकून घेऊ.’ तो खाली पाहत म्हणाला. ‘तुम्ही चला ना माझ्यासोबत बाबांकडे गावाला. कोणी फोन करून सांगून बसेल त्यांना, त्याच्या आधी पोचलं पाहिजे. तुम्ही असल्या तर त्यांना शंका येणार नाही.’ आणि मग, ‘तुम्हीच तर म्हणत होत्या ना नेहमी, हळू सांगावं म्हणून.’

जेवणाच्या टेबलावर आपण भांडायचो तेव्हा तो मोबाइल पाहत बसलेला असायचा. ऐकत होता म्हणजे. माझंच म्हणणं माझ्यापुढे ठेवलं त्याने, आणि मला नाही म्हणता आलं नाही. तुला शवागारात ठेवून आम्ही नरखेडच्या रस्त्याला लागलो. बाबांना एक खोटं सांगायला, तुझा भाऊ आणि मैत्रीण.

काटोल मागे पडलं तेव्हा प्रशांत बोलला. गाडी चालवताना समोर बघत, मला उद्देशून की स्वतःला, कोण जाणे. ‘मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली तेव्हाच मी तिला म्हटलं होतं, क्लास कमी कर.’

‘कुणाची अँजिओप्लास्टी?’

त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘ताईची. मला वाटलं, नंतर तिनेच सांगितलं असेल तुम्हाला.’

पुण्याची कॉन्फरन्स, वसुधा. तू मला म्हणाली होतीस, पुण्याला कॉन्फरन्स आहे, तास तू घे. परत आलीस तेव्हा मी म्हटलंसुद्धा, बारीक दिसतेस. म्हणालीस, तिथलं जेवण गोड होतं. मी त्यावर हसले होते. प्रशांत म्हणाला, बाबांना सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिने. आणि सुलभाला तर नाहीच नाही, ती रडत बसेल.

मी गाडी थांबवायला लावली. उतरून मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. शेजारून एसटी गेली, मोटरसायकली गेल्या, मी तुझ्यावर ओरडत होते. मोठ्याने नव्हे, पण ओरडतच होते. खापरखेड्याच्या काकांना सांगायचं, सगळ्या जगाला सांगायचं, आणि मला नाही? माझ्यासारख्या बाईला धक्का सोसायचा नाही हे तू परस्पर ठरवून टाकलंस. वर्गात ज्याला तू पेशंटचा अपमान म्हणायचीस, तो तू माझा केलास. मला माहीत असतं तर मी तुला जिने चढू दिले नसते. सकाळी भांडले नसते. तेच तुला नको होतं का? कुणीतरी तुझ्याशी नेहमीसारखं भांडत राहावं, एवढंच हवं होतं? विचारायला तू नाहीस. तेव्हा पहिल्यांदा मला खरं कळलं की तू नाहीस.

परत गाडीत बसताना मी प्रशांतला काही बोलले नाही. पण माझं ठरून गेलं होतं. माणसाला बाहेर ठेवणं म्हणजे काय, ते मला नुकतंच कळलं होतं.

बाबा घरालगतच्या बागेत होते. संत्र्यांना पाणी चालू होतं. आम्हाला पाहून ते काठी टेकत आले, आणि आमच्यामागे गाडीत आणखी कोणी आहे का ते पाहिलं.

‘वसू काहून नाही आली?’

‘ताईले भरती केलं आहे, बाबा,’ प्रशांत म्हणाला. ‘बीपी वाढला होता. ठीक आहे आता.’

बाबांनी वळून ओसरीतल्या खुंटीवरची टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली. ‘चाल मग. भेटून येतो.’

‘उद्या जाऊ ना बाबा. आता भेटू देत नाहीत.’

‘मले काहून नाही भेटू देत? माझी पोरगी डॉक्टर आहे तिथं.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, तुम्ही सांगा. काय होऊन राहिलं हे?’

प्रशांतने मान हलवली, नको म्हणून. मी बाबांचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं आणि समोर बसले. तुझा शब्द माझ्या तोंडून निघेना. माझेही सगळे मऊ शब्द आठवले, आणि एकही उपयोगाचा वाटला नाही.

‘बाबा, बातमी वाईट आहे. वसुधा वारली. आज दुपारी तिचा मृत्यू झाला.’

दोन्ही म्हटले बघ, तुझाही आणि माझाही.

बाबांनी विचारलं, ‘कोणती वसुधा?’

वसुधा, हे तू कधी शिकवलं नव्हतंस. एवढ्या वर्षांत, एवढ्या मुलांना खोटे बाप आणि खोट्या आया होऊन वेडेवाकडे प्रश्न विचारायला लावले आपण, पण हा प्रश्न कुणालाही सुचला नाही. मी म्हणाले, ‘आपली, बाबा. आपली वसू.’

ते उठले. मला वाटलं पडतील. ‘पाणी वाहून राहिलं,’ असं म्हणत ते विहिरीकडे चालायला लागले. प्रशांत मागे धावला, तर त्यांनी काठीनेच त्याला बाजूला केलं. जाऊन मोटर बंद केली. मग तिथेच, पंपाच्या खोलीला टेकून, जमिनीवर बसले. पाण्याचा आवाज थांबला आणि त्यांचा सुरू झाला. तो मी इथे लिहू शकत नाही.

शब्दानंतरचं काम माझं, म्हणाली होतीस ना. मी काही केलं नाही. मातीत त्यांच्याशेजारी बसून राहिले, एवढंच.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं. ‘मॅडम, तिले आधीपासून काही होतं का? दुखणं-खुपणं?’

प्रशांत शेजारीच उभा होता. आतापर्यंत बाबांनी ओळखलं होतं, दोघांपैकी खरं कोण बोलतं. म्हणूनच त्यांनी मला विचारलं.

‘मला तरी ती कधी काही बोलली नव्हती, बाबा,’ मी म्हणाले.

हे खरं होतं. एकूण एक शब्द खरा होता. आणि मी त्या खऱ्या शब्दांनी एका बापाला फसवलं. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. तुझ्या मृत्यूची बातमी त्यांची होती, ती त्यांना द्यायलाच हवी होती. पण ते दुसरं, पोरीने आपल्यापासून छातीतलं दुखणं लपवलं, हे त्या क्षणी त्यांच्या हातात ठेवणं मला जमलं नाही. किंवा कदाचित ते तुझं होतं, म्हणून मी हात लावला नाही. तुझी बाजू घेतली की माझी, ते तूच सांग.

सकाळी घाटावर तुझे सगळे पोट्टे आले होते. जुनेसुद्धा. काही जण रात्रपाळी करून तसेच, गळ्यात स्टेथोस्कोप. पल्लवी बाबांना धरून उभी होती. अग्नी प्रशांतने दिला, पण काडी लावताना बाबांनी त्याच्या हाताखाली हात धरला. ज्वाळा वर आल्यावर बाबा त्याच्याकडे वळले आणि हळूच विचारलं, ‘तू मले सगळं झाल्यावर सांगणार होता ना?’ प्रशांत सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडला. बाबांनी त्याला जवळ घेतलं. माझ्याशी मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

हे इथे संपलं असतं तर मी तुला म्हटलं असतं, जिंकलीस. पण तेराव्याच्या आधीच बाबांच्या छातीत दुखायला लागलं, आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. मी भेटायला गेले, तर प्रशांत दारातच म्हणाला, ‘बघा आता, सुलभाताई.’ रागाने नव्हे, थकून. वय झालेलं हृदय, ते धक्क्याने बिघडलं की तसंही बिघडणारच होतं, हे तुझ्यासारख्या डॉक्टरलाही छातीठोक सांगता आलं नसतं. बाबा आता घरी आहेत, प्रशांतकडे. बरे आहेत म्हणतात. मी फोन करते तेव्हा सून उचलते.

विद्यापीठाने विचारलं, तास बंद ठेवायचा का. मी म्हटलं, नको. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा सगळे उठून उभे राहिले, आणि बसा म्हणायचं मला सुचलंच नाही. शोकसभेची भाषणं झाली होती. मला त्यात भर घालायची नव्हती. मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. बागेतली. शेवटच्या प्रश्नापर्यंत, आणि माझ्या उत्तरापर्यंत. तुझी एक गोष्ट मला ठाऊक होती आणि बाबांना नव्हती, हेही सांगितलं. ती नेमकी काय होती, ते मात्र वर्गापासूनही राखलं.

मग नर्सिंगची एक मुलगी उठली. ‘मॅडम, हे खोटंच आहे. शब्द खरे असले म्हणून काय झालं?’

‘काहून खोटं?’ फिजिओचा एक मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला. ‘बाबांना जेवढं पेलत होतं तेवढं सांगितलं मॅडमनी.’

‘किती पेलते हे कोण ठरवणार? तू?’

‘मग काय, बाप मेला तरी चालेल पण तुझं खरं राहिलं पाहिजे?’

‘तसं नाही म्हणून राहिली मी!’

वसुधा, ते भांडत होते. आपल्यासारखे. एकमेकांचं बोलणं मधात तोडत, पण ऐकून तोडत. मी टेबलाला टेकून उभी होते आणि मला रडू येत नव्हतं, उलट कित्येक दिवसांनी मला मोकळा श्वास घेता येत होता. हे तू उभं केलंस. माझ्या डब्यातली भाजी चाखून पाहणाऱ्या बाई, हे तू माझ्या हातात दिलंस, आणि मी तुला साधं धन्यवाद म्हटलं नाही.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘मॅडम, वसुधा मॅडम काय म्हणाल्या असत्या?’

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी तोंड उघडलं. एवढी वर्षं तुझं उत्तर मला तुझ्याआधी माहीत असायचं. त्याच्यावर काय बोलायचं तेही तयार असायचं. मी शोधलं. तुझा आवाज होता, चेहरा होता, उत्तर मात्र नव्हतं.

‘मला माहीत नाही,’ मी म्हणाले.

तास संपला होता. कुणी जागचं हललं नाही.